माझं व्हिएतनाम तिनं आधी पाहिलं

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. शिरोली एमआयडीसीत बिडाच्या कास्टिंगचा एक कारखाना आहे, तिथं मी डिस्पॅच बघते. जेवणाची सुट्टी ही आम्हा दोघींची बोलायची ठरलेली वेळ. ती प्राथमिक शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, आईबरोबर मंगळवार पेठेत राहते. मी नवऱ्याबरोबर शिवाजी पेठेत. रोज भेटलो तरी दुपारचा फोन चुकत नाही.

"आक्का, दिवाळीच्या सुट्टीत मी व्हिएतनामला चाललोय," ती म्हणाली. कोल्हापुरात आम्ही बायकाही स्वतःला 'जातो', 'येतो'च म्हणतो. बाहेरचे हसतात, आम्हाला सवय आहे.

"कुणासंगं?"

"कुणासंगं न्हाय. एकटीच."

"व्हिएतनामच का?"

"तिकीट स्वस्तात मिळालं की!"

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. समोर वांग्याची भाजी होती. ती तशीच झाकली आणि डबा पिशवीत घातला.

व्हिएतनाम माझं होतं. हे वाचून कुणी हसेल, पण आमच्या घरात तसंच होतं. आमच्या कारखान्यातनं पंपांची कास्टिंग्ज लाकडी खोक्यांतून बाहेरदेशी जातात. त्यातली बरीचशी हायफाँग नावाच्या बंदरात उतरतात. खोक्यावर काळ्या रंगानं ते नाव उमटवलेलं असतं, आणि गाडी भरण्याआधी प्रत्येक खोक्यावरचं नाव नीट उमटलंय का हे मी बघते. नोकरी नवी होती तेव्हा एक दिवस घरी येऊन मी मुलीच्या शाळेचा नकाशा काढला आणि हायफाँग शोधलं. वर उजवीकडे, समुद्राच्या कडेला, बारीक अक्षरात. तेव्हापासून मला त्या देशाचा नादच लागला. तिथं वादळ आलं की मला इथं काळजी, आपला माल जहाजावर आहे की गोदीत. तिथल्या बाजारांचे, गल्ल्यांचे व्हिडिओ मी भांडी घासताना बघायचे. जेवताना मी काही सांगायला लागले की नवरा म्हणायचा, "आलं व्हिएतनाम." आई तर शेजारणींना सांगायची, थोरलीला एक दिवस तिकडं जायचंय.

हे सगळं धाकटीला ठाऊक होतं. आणि धाकटी कोण, तर एसटी स्टँडवर गर्दी दिसली की माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरणारी. वडील गेले तेव्हा ती सातवीत होती. तिच्या शाळेत पालक म्हणून मी जायचे, सायकल मी शिकवली, पोहायला रंकाळ्यावर मी नेलं, तर काठावरच बसून राहिली. नकाशा कसा धरायचा हेही तिला कळत नसे. तिनं माझा देश घ्यावा, आणि कारण काय, तर तिकीट स्वस्त.

ती गेली. जाताना मी तिला बॅग भरायला मदत केली. औषधं, थेपले, दोन कुलपं. आई रडली, मी रडले नाही.

मग फोटो यायला लागले. पहिल्या दिवसांतले सगळे वरून काढलेले होते, खिडकीतून. खाली दुचाक्यांचा पूर, तारांची जाळी, समोरच्या घराच्या गच्चीत कुंड्या. 'आक्का, हॅनॉय लई भारी हाय.' मग तळ्याकाठचे फोटो आले, मग रस्तोरस्ती कंदील टांगलेल्या दिव्यांच्या गावाचे, मग सायगावचे. प्रत्येक ठिकाणी ती मधोमध, केस मोकळे सोडलेले. केस तर ती इथं कधी सोडत नाही. मी गाडी भरण्याच्या घाईत असायचे. फोन टेबलावर थरथरायचा. मी बघायचे, तो पालथा करून ठेवायचे आणि उत्तर द्यायचे नाही. संध्याकाळी एक अंगठा पाठवायचे.

परत आली ती वेगळीच होऊन. आईच्या घरी गल्लीतल्या बायका जमल्या, चुलत्या आल्या, तिनं सगळ्यांना कॉफीची पाकिटं वाटली. मलाही एक. मग मधे बसून सांगायला लागली. मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि कान तिकडंच होते.

"रस्ता कसा वलांडायचा म्हायती हाय का? थांबायचंच न्हाय. नुसतं चालत सुटायचं, सावकाश. गाड्या आपोआप वळसा घालून जातात. भ्यायचं न्हाय."

"आणि तू भ्याली न्हाईस?" एका चुलतीनं विचारलं.

"छ्या! काय भ्यायचं त्यात?"

मी चहाचा ट्रे घेऊन आले तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आक्का, तू जा की एकदा. तुला लई आवडंल."

जा की एकदा. माझ्याच घराचा पत्ता मला सांगावा तसं. कॉफीचं ते पाकीट मी नंतर ऑफिसात देऊन टाकलं.

त्या हिवाळ्यात मी तिच्याशी नीट बोलले नाही. फोन चालू होते, पण आईच्या गोळ्या, भाजी, लाइट बिल एवढंच. नवऱ्याच्या ते ध्यानात आलं. एका रविवारी तो चपला घालता घालता म्हणाला, "एवढं जळतंय तर जाऊन ये. पोरगी पुण्याला हाय, मी हितं एकटा राहतो, मला भात करायला येतो."

"एकटी जाऊ?"

"मग? तुझी बहीण कुणासंगं गेलती?"

आई म्हणाली, दोघी मिळून जावा की. मी नको म्हणाले, आणि इतक्या झटकन की आई माझ्याकडे बघतच राहिली. धाकटीला कळलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "हॅनॉयमधली खोली मी ठरवून देतो. मी राहिलतो तिथंच. लोक लई चांगले हाईत." मला ते घर नको होतं. पण नवरा म्हणाला की ओळखीचं ठिकाण असलं म्हणजे त्याच्या जिवाला घोर नाही. त्याच्यासाठी मी हो म्हणाले. मे महिन्यात सुट्टी मिळाली.

हॅनॉय मला पहिल्यांदा दिसलं ते टॅक्सीच्या काचेतून, आणि मला ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आधीच माहीत होतं. तारांची जाळी, ती तिच्या फोटोत होती. उंच अरुंद घरं, एकाला एक चिकटलेली, तीही तिनं सांगितलेली. फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून वाडग्यातून शेवया खाणारी माणसं, गुडघे हनुवटीपर्यंत आलेली. तेही वाक्य तिचंच. एवढी वर्षं मी व्हिडिओ बघितले, पण आता आठवत होते ते तिचे शब्द. नवीन दिसलेली प्रत्येक गोष्ट तिच्या हाताखालून आल्यासारखी वाटत होती.

घर गल्लीच्या तोंडाशी होतं. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक खोली. मालकीण पस्तिशीची. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं आमचं लगेच जमलं. तिची आई खाली फुटपाथवर बर्फाचा चहा विकायची. चार स्टुलं, काचेचे पेले, एक बादली. म्हातारीनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत पेले धुवायला लागली.

पहिल्याच सकाळी मी लवकर उठून तळ्याकडे गेले. शहराच्या मधोमध तळं आहे, आणि ते बघून मला शहराचाच हेवा वाटला, बहिणीचा नव्हे. आमच्या रंकाळ्यावर पहाटे माणसं फिरतात, पण बायका फिरतात त्या पदर सांभाळत, बोलत, कुणी ओळखीचं भेटतंय का बघत. इथं माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या बायका गाणं लावून नाचत होत्या. व्यायाम म्हणा, पण नाचच तो. ढगळ पायजमे, हातात लाल पंखे. शेजारून पुरुष जात होते, कुणी मान वळवून बघत नव्हतं. एक बाई, केस पूर्ण पांढरे, गिरकी घेताना चुकली आणि स्वतःशीच मोठ्यानं हसली. मी बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिले. आपण कोल्हापुरात असं कधी चुकून हसलोय का, हे आठवायचा प्रयत्न केला.

जुन्या भागात एका गल्लीत एकच धंदा. चांदीची गल्ली, कागदाची गल्ली, पत्र्याच्या डब्यांची गल्ली. पत्रा ठोकल्याचा आवाज आला आणि मला आमच्या पेठेतले कारागीर आठवले. आमच्याकडे एक चप्पल लाईन राहिलीय. बाकीच्या धंद्यांची नावं गल्ल्यांना राहिली आणि धंदे गेले. इथं अजून ठोकत होते. याचाही हेवा वाटला. त्या दिवशी मला दिसेल त्या गोष्टीचा हेवा वाटत होता. सावलीच्या झाडांचा, भाजीवालीच्या खांद्यावरच्या कावडीचा, रस्त्यात कॉफी पीत नुसत्या बसलेल्या बायकांचा. कुणालाच घरी जायचं नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसले असताना मालकीण समोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही आक्का?"

तो शब्द तिच्या तोंडून ऐकून मी दचकले. जोर भलत्याच अक्षरावर, पण शब्द तोच.

"तुमची बहीण सारखी म्हणायची. आक्का, आक्का." मग ती हसली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आता ती बरी आहे ना? पहिले दिवस फार वाईट होते."

"कसले वाईट?"

तिला वाटलं मला माहीत आहे. मग तिनं तुटक तुटक सांगितलं. बहीण आली आणि बाहेरच पडली नाही. दारात उभी राहायची, गाड्यांचा पूर बघायची आणि पुन्हा वर जायची. जेवायलासुद्धा उतरायची नाही. थेपले खाऊन राहिली. एकदा जिन्यात बसून रडत होती. मालकीण घाबरली, तिला वाटलं घरी कुणी वारलं. तर ही म्हणाली, मला परत जायचंय, पण परत गेले तर माझी बहीण काय म्हणेल. माझी बहीण कशालाच भीत नाही.

मग म्हातारीनं तिचा हात धरला. नुसता धरला, काही बोलली नाही, बोलणार तरी काय, भाषा नाही. तिला रस्त्यापलीकडे नेलं, परत आणलं. परत नेलं. मग रोज सकाळी तळ्यापर्यंत. दुपारी बहीण म्हातारीच्या स्टुलावर बसायची आणि पेले धुवायची.

मालकिणीनं फोनवर फोटो दाखवला. धाकटी बादलीपाशी बसलेली, बाह्या वर सरकवलेल्या, दोन्ही हात फेसात. म्हातारी शेजारी. दोघी कशाला तरी हसत होत्या. हा फोटो तिनं आम्हाला दाखवला नव्हता.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. आनंद झाला.  छ्या, काय भ्यायचं त्यात! आईला फोन लावून सांगावंसं वाटलं, चुलत्यांना सांगावंसं वाटलं. खिडकीतले ते फोटो आठवले आणि मी वर खोलीत जाऊन एकटीच हसले. मग त्याच खिडकीत उभी राहिले. खाली तोच रस्ता. धाकटी इथं उभी होती आणि मी तिकडं शिरोलीत फोन पालथा करून ठेवत होते.

हसू गेलं, पण त्याच्या जागी जे आलं ते काही चांगलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याहून जास्त मला त्या फोटोचा मत्सर वाटला. एवढ्या मोठ्या देशात हॅनॉय, दिव्यांचं गाव, सायगाव हे सगळं तिनं बघितलं ते बघितलं. पण म्हातारीचा तो हात?

खाली उतरले आणि म्हातारीच्या समोरून सरळ रस्त्यावर पाऊल टाकलं. थांबले नाही. गाड्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेल्या, एकीचा आरसा माझ्या पिशवीला घासला. पलीकडे पोचले, वळले, परत आले. म्हातारीनं बघितलं. मी तिच्याकडे बघून हसले. तिनं एक पेला भरून माझ्यापुढे ठेवला, स्टूल सरकवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी रोज तिच्याकडे चहा प्यायले. ती नीट वागली, बर्फ जास्त घालायची, उन्हात बसले तर हातानं सावलीत बोलवायची. पण मी पाहुणी होते. पेले धुवायला हात पुढे केला तर तिनं हसून बादली बाजूला घेतली.

पुढं मी आगगाडीनं ह्युएला गेले. ते जुन्या राजांचं गाव, नदीकाठचं, संथ. हॅनॉयच्या मानानं माणसं हळू बोलतात, हळू चालतात. धाकटी तिथं गेली नव्हती, म्हणून मी मोकळी होते. कुणाचे शब्द आठवत नव्हते. नदीवरून वारा यायचा, बायका सायकलवरून छत्री धरून जायच्या. मला ते गाव पहिल्या तासातच आवडलं, आणि मला वाटलं आता ते जळणं थांबेल.

तिथल्या एका बुद्धविहारात गेले. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला. आमच्या गल्लीत छोटंसं विहार आहे, पत्र्याचं होतं ते लोकांनी श्रमदान करून सिमेंटचं केलं. पौर्णिमेला आम्ही पांढऱ्या साड्या नेसून जातो. तिथं बुद्धापुढं बसलं की मन शांत होतं हे खरं, पण आपण कोण, कुठले, हेही तिथं बसलेलं असतं. ऑफिसात माझ्या टेबलावर लहानशी बुद्धमूर्ती आहे. नवीन आलेला माणूस आधी मूर्तीकडे बघतो, मग माझ्याकडे, मग म्हणतो, "मॅडम, आडनाव काय तुमचं?" त्याला उत्तर आधीच कळलेलं असतं.

ह्युएच्या विहारात मी चपला काढून आत गेले. फळं, फुलं, उदबत्त्यांचा धूर, सोनेरी मूर्ती, आमच्यापेक्षा पुष्कळ नटवलेल्या. एक बाई आली. बाजारातून आली असावी, पिशवीतून पालेभाजी बाहेर डोकावत होती. तिनं पिशवी खांबाला टेकवली, दोन पेरू आणि बिस्किटांचा एक पुडा बुद्धापुढं ठेवला, उदबत्ती लावली, वाकली, काहीतरी पुटपुटली आणि पिशवी उचलून गेली. जाता जाता तिला फोन आला आणि ती पायरीवरच कुणालातरी ओरडायला लागली.

बस, एवढंच. मी तिथं बसून राहिले. त्या बाईला हा बुद्ध कुणी मिळवून दिलेला नव्हता. त्याच्यासाठी तिच्या आजोबांना गावात कुणी वाळीत टाकलं नव्हतं. तो तिथं होता, जसा नळ असतो, जसा जिना असतो. त्याच्यापुढं वाकताना तिनं आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं नव्हतं. बहिणीचा मला जो मत्सर वाटत होता त्याला तळ होता. आज ना उद्या त्यातून मी बाहेर येणार हे माहीत होतं. या बाईचा वाटला तो काही वेगळाच. तो अजून आहे.

मी त्रिशरण म्हटलं, हळू आवाजात, आमच्या चालीवर. एक तरुण भिक्षू झाडता झाडता थांबला. शब्द त्याला ओळखीचे वाटले असावेत, त्यानं झाडू काखेत धरून हात जोडले. तोडक्या इंग्रजीत कुठून आलात विचारलं. मी इंडिया म्हणाले. त्याचा चेहरा असा काही खुलला की मला कळेना काय करावं. तो म्हणाला, तुम्ही भाग्यवान, तुम्ही बुद्धाच्या देशातल्या. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्याला काय सांगणार, आणि कोणत्या भाषेत.

परतीचं विमान हॅनॉयहून होतं. मधला एक दिवस मी हायफाँगसाठी ठेवला होता. हॅनॉयला परतल्यावर मालकिणीला ते सांगितलं तर तिनं तोंड वाकडं केलं. तिथं काय आहे बघायला? पाहुणे जातात ते बेटांवर जायला, शहरात कुणी थांबत नाही. मला तेच हवं होतं.

सकाळच्या गाडीनं गेले. स्टेशनातून बाहेर आले आणि रस्ता दोन्ही बाजूंनी लाल. गुलमोहर. नदीच्या काठानं, घरांच्या पुढं, शाळेच्या भिंतीवरून, सगळीकडं गुलमोहर फुललेला, खाली पाकळ्यांचा सडा. इतक्या वर्षांत एकाही व्हिडिओत हे मी बघितलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मला वाटलं, हे माझं.

रिक्षासारखं काही मिळालं नाही, म्हणून दुचाकीवाल्याच्या मागं बसून बंदराकडे गेले. आत सोडणार नाहीत हे माहीत होतं. फाटकाबाहेर धूळ, कंटेनरच्या गाड्यांची रांग, टायरचं पंक्चर काढणारा, डिझेलचा वास. अगदी आमचं शिरोली. कंपाउंडच्या पलीकडे क्रेन हलत होत्या. त्यातल्या कुठल्यातरी ढिगात, आज नाही तर मागच्या महिन्यात, मी बघून पाठवलेलं खोकं उतरलं असणार. ते दिसणं शक्य नव्हतं आणि दिसायची गरजही नव्हती. समोरच्या टपरीत खेकड्याच्या रश्शातल्या तांबूस, रुंद शेवया मिळत होत्या. शेजारी ड्रायव्हर जेवत होते. टपरीवालीनं मला चॉपस्टिक्स कशा धरायच्या ते आपल्या हातानं माझी बोटं वाकवून दाखवलं आणि नंतर कंटाळून चमचाच दिला.

मी धाकटीला व्हिडिओ कॉल केला. शाळेला सुट्टी होती, ती आईजवळ बसून शेंगा फोडत होती.

"आक्का, कुठं हाईस? ते मागं काय हाय?"

"हायफाँग."

 मी फोन फिरवून गुलमोहर दाखवला, क्रेन दाखवल्या, वाडगा दाखवला.

"मी न्हाय गेलतो तिकडं," ती म्हणाली.

"म्हायती हाय."

"कुणी सांगितलंच न्हाय मला, एवढं चांगलं हाय म्हणून." तिचा आवाज बदलला होता. तो आवाज मी ओळखला, कारण दिवाळीपासून तो माझा होता. मला गोड वाटलं. मी मुद्दामच अजून थोडा वेळ दाखवत राहिले, नदी, पूल, शाळेतून सुटलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली. आई मागून म्हणाली, "आगं पुरे, बिल येईल."

कोल्हापुरात आले त्याच संध्याकाळी धाकटी माझ्याकडे आली. नवरा तालमीच्या कट्ट्यावर गेला होता. मी बॅग उघडून कपडे काढत होते, ती पलंगाच्या कडेला बसली. इकडचं तिकडचं विचारलं. मग, माझ्याकडे न बघता:

"म्हातारी काय म्हणाली?"

"तिच्या पोरीनं विचारलं तुझं."

"आणि?"

"आणि काय?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पयले दिवस मी खोलीतच होतो आक्का."

"म्हायती हाय."

"तिच्या पोरीनं सांगितलं व्हय? मला वाटलंच." तिनं मान वर केली. "मग आईला सांगितलंस?"

"न्हाय."

"का न्हाय?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर असायला हवं होतं. सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर फोटोचंही सांगावं लागलं असतं, आणि फोटोचं बोलणं मला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं, "तिनं तुझा हात धरला. माझा न्हाय धरला."

 धाकटी आमच्या घरातल्या बायका हसतात तशी हसली, गल्लीत ऐकू जाईल अशी.

"मग तू भ्यायचंस की!"

मलाही हसू आलं, राग येता येता. तिनं बॅगेत हात घालून कपडे काढायला सुरुवात केली, घड्या माझ्या आणि तिच्या वेगळ्या पडतात, त्यावरून थोडी कुरकुर झाली. मग तिनं हायफाँगचं विचारलं. गाडी कुठून मिळते, किती वेळ लागतो, फुलं कधी असतात. मी सगळं सांगितलं. फक्त टपरी नेमकी कुठं आहे ते सांगितलं नाही.

ह्युएच्या विहाराचंही तिला सांगायला लागले होते, पेरूचं, बिस्किटांच्या पुड्याचं. बाई पायरीवर ओरडली इथपर्यंत आले आणि मग पुढचं जमेना. धाकटीनं घडी घालणं थांबवलं. तिच्या शाळेतही नवे लोक आधी आडनावच विचारतात, म्हणून मी न सांगता तिला पुढचं कळलं. ती म्हणाली, "आईला सांगू नकोस ते. ती जाऊन बसंल त्या विहारातच, परत यायची न्हाय." आणि उरलेले कपडे तिनं कपाटात नेऊन ठेवले.